रूटचा सातबारा तुमच्या नावावर नाही

मंडळी, आजचा विषय रुक्ष आहे. लिंका. त्यातही तुटलेल्या लिंका. पण गेले दोन आठवडे या विषयाने डोक्याचा पार भुगा केलाय, तेव्हा ही शनिवारची सकाळ त्याच्या नावाने.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला नको. जे वेब ॲप्लिकेशन डोमेनच्या मुळाशी, म्हणजे रूटवर ठेवलं तरच चालतं आणि एखाद्या सबडिरेक्टरीत ठेवलं की ज्याच्या लिंका तुटतात, ते ॲप्लिकेशन अर्धवट आहे. ते बनवणाऱ्याने पूर्ण पैसे घेऊन वर "तुमच्या होस्टिंगचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. झालं. आता सविस्तर.

गोष्ट धामणगाव रेल्वेची. (अमरावती जिल्हा. बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं, मुंबईहून नागपूरला जाताना बहुतेक मंडळी झोपेत पार करतात ते स्टेशन.) तिथल्या एका शिक्षणसंस्थेचं संकेतस्थळ बरीच वर्षं चालू आहे. साधंसं वर्डप्रेस: सूचना, निकाल, स्नेहसंमेलनाचे फोटो. प्रवेशाचे अर्ज ऑनलाईन घ्यायचे म्हणून संस्थेने पुण्याच्या एका कंपनीकडून नवीन ॲप्लिकेशन करून घेतलं. ठेवायचं कुठे? अर्थातच संस्थेच्याच डोमेनखाली, /प्रवेश/ नावाच्या फोल्डरमध्ये. (पत्ते मी देवनागरीत लिहितोय. तुम्ही कोडमध्ये रोमनमध्येच टंका, नाहीतर उद्या मला शिव्या द्याल. :) )

कंपनीच्या लॅपटॉपवर सगळं झकास. धामणगावच्या सर्व्हरवर चढवलं, आणि लोगो गायब, रंगरूप गायब, नुसती काळी अक्षरं आणि निळ्या लिंका. बरं, तेवढंच असतं तर चाललं असतं. पण फॉर्म भरून 'पुढे' दाबलं की ॲप्लिकेशन सोडून संस्थेच्या मुख्य संकेतस्थळाचं 'पान सापडले नाही' समोर यायचं. ऑफिसमधल्या भाऊंनी फोनवर सांगितलेलं निदान कुठल्याही बग रिपोर्टपेक्षा अचूक होतं: "फॉर्म तं भरून रायले पोट्टे, पण पुढे दाबलं का पानच सापडत नाई म्हन्ते."

कंपनीचं उत्तर मेलवर आलं. "ॲप्लिकेशन इज वर्किंग फाईन ॲट अवर एंड."

या वाक्याची फ्रेम करून प्रत्येक आयटी पार्कच्या गेटवर लावायला पाहिजे. अहो, तुमच्या एंडला चालतंय हे आम्हाला माहितीये. तुमच्या एंडला प्रवेश कोण घेणार आहे?

दरम्यान मोबाईलवर फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींना अर्ज गेला की नाही हेच कळेना. मग मंगरूळ दस्तगीर, अंजनसिंगी, तळेगाव दशासर इथून एसटीत बसून कॉलेजात चकरा. ऑनलाईन अर्जाचा सगळा हेतू काय, तर ही चकर वाचावी! एका चुकीच्या स्लॅशपायी जाण्यायेण्याचं भाडं आणि कुणाच्या तरी बापाचा एक दिवस गेला. म्हणून म्हणतो, हा विषय 'छोटा यूआय इश्यू' नाही.

आता हे झालं कसं ते बघू. ज्यांना माहीत आहे त्यांनीही वाचा, कारण ज्यांना माहीत आहे तेच हे करतात.

वेबपानावरच्या लिंका तीन तऱ्हेने लिहिता येतात. एक, पूर्ण पत्ता: प्रोटोकॉल, डोमेन, पाथ, सगळं. दोन, स्लॅशने सुरू होणारा: /सीएसएस/मुख्य. याचा अर्थ 'मी कुठल्याही पानावर असलो तरी डोमेनच्या मुळापासून मोज'. तीन, सापेक्ष पत्ता: सीएसएस/मुख्य, म्हणजे 'मी आत्ता जिथे उभा आहे तिथून मोज'. हे काही कालचं नाही. सापेक्ष पत्त्यांचे नियम रॉय फील्डिंगने जून १९९५ मध्ये आरएफसी १८०८ मध्ये लिहिले, आणि आज आपण जो आरएफसी ३९८६ मानतो तो जानेवारी २००५ चा आहे. म्हणजे कॉलेजात ज्यांनी यंदा प्रवेश घेतलाय, त्यांच्यापेक्षा हे नियम वयाने मोठे आहेत.

सापेक्ष पत्ता समजायला वऱ्हाडासारखी शाळा नाही. पुण्यात नुसतं 'तळेगाव' म्हटलं की लोक दाभाड्यांचं समजतात. धामणगावात तेच 'तळेगाव' म्हणजे दशासर. शब्द तोच, पण उभं कुठे राहून म्हणताय त्यावर गाव बदलतं. अमरावतीच्या स्टँडवर 'चांदूरची गाडी कुठे लागते' असं विचारून बघा. समोरून प्रश्न येईल, "रेल्वे का बाजार?" कारण चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही एकाच जिल्ह्यातली दोन तालुक्याची गावं, दोन वेगळ्या दिशांना. धामणगावच्या मागेही 'रेल्वे' लागलंय, आणि बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे वेगळं बसलंय.

या घोळावर पक्का उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे लेखक. त्यांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळी स्पेलिंगं, यातून पत्र नेमकं कसं पोचवायचं हाच तो प्रश्न. धामणगाव रेल्वे ४४४७०९, चांदूर रेल्वे ४४४९०४, चांदूर बाजार ४४४७०४. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. डावीकडून उजवीकडे बारीक होत जाणारा पत्ता. हा पाथच झाला की! आणि यातली गंमत बघा, गल्लीतला पोस्टमन घर शोधताना पहिल्या तीन आकड्यांचा विचार करत नाही. ते काम वरच्या पायरीवर आधीच झालेलं असतं. प्रत्येकाने आपापल्या पायरीपुरतं बघायचं.

स्लॅशने लिंक सुरू करणारा प्रोग्रामर नेमकं याच्या उलट करतो. तो आपल्या गल्लीत बसून सगळ्या डोमेनचा पत्ता गृहीत धरतो. त्याने कोडमध्ये /अर्ज/जमा असं लिहिलं तेव्हा त्याच्या मनात 'माझ्या ॲप्लिकेशनचं मूळ' होतं. ब्राउझर मात्र वाचतो 'डोमेनचं मूळ'. लॅपटॉपवर ही दोन मुळं एकच असतात, म्हणून भांडण दिसत नाही. धामणगावात डोमेनच्या मुळाशी वर्डप्रेस बसलेलं आहे. रूटचा सातबारा त्याच्या नावावर आहे, आणि तुम्ही त्याच्या वावरात नांगर घातलाय.

यावर जी उत्तरं ऐकायला मिळतात ती आता एकेक करून घेतो.

"सबडोमेन घ्या ना, विषय संपला." हे सगळ्यात लाडकं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सबडोमेनच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो सुरक्षेचा. एकाच डोमेनवरच्या दोन फोल्डरांमध्ये ब्राउझरच्या लेखी भिंत नसते. ओरिजिन एकच. लोकल स्टोरेज एकच. /प्रवेश/ मधली स्क्रिप्ट शेजारच्या फोल्डरातलं पान वाचू शकते. तेव्हा ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही अशी दोन ॲप्लिकेशन्स एका डोमेनखाली कोंबू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण मंडळी, "सबडोमेन घ्या" म्हणणारे बहुतेकजण सुरक्षेसाठी म्हणत नाहीत. स्वतःच्या लिंका दुरुस्त करायचा आळस म्हणून म्हणतात.

आणि सबडोमेन घ्यायला डीएनएसमध्ये नोंद करावी लागते. शहरातल्या कंपनीत ते एका तिकिटाचं काम. गावातल्या संस्थेत डीएनएसचा पासवर्ड कुणाकडे असतो? डोमेन पूर्वी कधीतरी कुणीतरी घेऊन दिलं, तो माणूस आता हैदराबादला. ईमेल ज्या आयडीवर जातो तो निवृत्त मुख्याध्यापकांचा. संस्थेच्या हातात काय आहे, तर कंट्रोल पॅनलचं लॉगिन आणि एक नवं फोल्डर बनवायची मुभा. सर्टिफिकेट फुकट मिळतं हो, लेट्स एन्क्रिप्ट येऊन बरीच वर्षं झाली. पैशाचा प्रश्न नाहीच. प्रश्न हातात किल्ली कुणाच्या आहे याचा आहे. फोल्डर ही एकच किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला "बंगला घ्या" म्हणून सांगणं हा तांत्रिक सल्ला कसा काय झाला?

"आजकाल सबडिरेक्टरी वापरतं कोण?" मीच विचारतो, तुमचं पहिलं रिॲक्ट ॲप तुम्ही कुठे चढवलंत? गिटहब पेजेसवर ना? प्रोजेक्टचं पान तिथे तुमच्या नावाच्या डोमेनखाली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच उघडतं. आणि पहिल्यांदा काय दिसलं होतं? कोरं पांढरं पान. आठवलं? टॉमकॅटमध्ये एखादी वॉर फाईल टाकली की ती त्याच नावाच्या फोल्डरखाली उगवते. जिओसिटीजवर सगळी दुनिया फोल्डरमध्येच राहायची, २६ ऑक्टोबर २००९ ला ते बंद होईपर्यंत. आपल्या मायबोलीचंच घ्या. १९९६ पासूनची वस्ती. जुनं हितगुज /हितगुज/ या फोल्डरखाली होतं, पुढे ड्रुपलवर नवीन मायबोली आली तिचे पत्ते /नोड/ आणि पुढे आकडा असे. एका डोमेनखाली दोन पिढ्यांची दोन ॲप्लिकेशन्स. कुठलंही डोमेन दहा-पंधरा वर्षं जगलं की त्याच्या पोटात असे फोल्डर वाढतातच. प्रत्येक ॲपला स्वतंत्र डोमेन ही क्लाउडच्या काळात लागलेली सवय आहे. सवयीला नियम समजू नका.

"सर्च-रिप्लेस मारतो, दहा मिनिटांचं काम." या जमातीने सर्वांत जास्त नुकसान केलंय. संपूर्ण कोडमध्ये स्लॅशच्या जागी /प्रवेश/ घालायचं आणि चहाला जायचं. पहिली गोष्ट, पुढच्या वर्षी संस्थेने फोल्डरचं नाव बदललं की हाच तमाशा पुन्हा. दुसरी, टेम्प्लेटमधल्या लिंका सापडतात, पण जावास्क्रिप्टमध्ये तुकडे जोडून बनवलेला पत्ता सापडत नाही. तिसरी गोष्ट तर भयंकर आहे. वर्डप्रेसमध्ये संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये ठिकठिकाणी लिहिलेला असतो, आणि विजेट, थीमच्या सेटिंगा वगैरे पीएचपीच्या सिरीयलाईज केलेल्या रूपात असतात. त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते, बाइट्समध्ये. तुम्ही सरळ एसक्यूएलने पत्ता बदललात की मजकूर लांबतो आणि आकडा तोच राहतो. हिशोब जुळला नाही की पीएचपी तो अख्खा गठ्ठा नाकारतं. विजेट गेली, मेनू गेले, आणि "आम्ही तर फक्त लिंक बदलली होती." अशा कामासाठी डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस आज्ञा आहे, ती लांबीचा हिशोब सांभाळते. मुख्य संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर निदान तिथे तरी उघड्या एसक्यूएलने हात घालू नका.

"प्रॉक्सीत बघून घेऊ." म्हणजे ॲप्लिकेशन आहे तस्सं ठेवायचं, आणि पुढे बसलेल्या एन्जिनएक्स किंवा अपाचीने खरकटं काढायचं. एन्जिनएक्समध्ये आतल्या सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी एक स्लॅश टाकला की तो /प्रवेश/ कापून उरलेला पाथ आत पाठवतो. स्लॅश काढला की कापत नाही. एवढ्या एका अक्षराने लोकांच्या रात्री गेल्यात. पण समजा ते जमलं. आत येणारा रस्ता सुधारला. बाहेर जाणाऱ्या लिंकांचं काय? अपाचीचं प्रॉक्सी-पास-रिव्हर्स रीडायरेक्टचे हेडर सुधारून देतं, पानाच्या आतल्या एचटीएमएलला हात लावत नाही. मग लोक पानाचा मजकूर वाटेत बदलणारी मॉड्यूलं लावतात. म्हणजे पोस्टमनने वाटेत पत्र फोडून आतला पत्ता खोडून नवा लिहायचा! चालतं कधीकधी. ज्या दिवशी पान कॉम्प्रेस होऊन येतं किंवा पत्ता जावास्क्रिप्टच्या पोटात असतो, त्या दिवशी चालत नाही. आणि मूळ फोल्डर कुठलं हे आतल्या ॲपला सांगायला लोक जो एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स हेडर वापरतात, तो प्रमाणित नाही. २०१४ च्या आरएफसी ७२३९ ने फॉरवर्डेड हेडर प्रमाणित केला, त्यात होस्ट आहे, प्रोटोकॉल आहे, प्रीफिक्स नाही. तेव्हा तो हेडर ऐकायचा की नाही हे दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यावं लागतं.

"सगळ्या लिंका सापेक्षच करून टाकू." हे लोक त्यातल्या त्यात सज्जन. साध्या चार पानांच्या संकेतस्थळाला हेच उत्तम. पण सापेक्ष पत्ता शेवटच्या स्लॅशपासून मोजला जातो. /प्रवेश/ वरून 'लोगो' म्हटलं की /प्रवेश/लोगो. पण शेवटचा स्लॅश नसलेल्या /प्रवेश वरून तेच म्हटलं की थेट /लोगो. पुन्हा शेजाऱ्याच्या वावरात! एक-पानी ॲपमध्ये आणखी मजा. विद्यार्थी /प्रवेश/अर्ज/१२ वर असताना त्याने पान रिफ्रेश केलं, तर ब्राउझर स्क्रिप्ट शोधतो /प्रवेश/अर्ज/ मध्ये. तिथे काही नसतं, पण सर्व्हरला 'काही सापडलं नाही तर मुख्य पान दे' असं शिकवलेलं असतं, त्यामुळे स्क्रिप्टच्या नावाखाली एचटीएमएल येतं, आणि कन्सोलमध्ये ते जगप्रसिद्ध 'अनपेक्षित <' उमटतं. यावर बेस टॅग लावला तर लिंका सुधारतात, पण मग नुसत्या # ने सुरू होणाऱ्या, त्याच पानावर खाली नेणाऱ्या लिंका बेसच्या पत्त्यावर उड्या मारतात. असो. सांगायचा मुद्दा, कुठलाही एक जादूचा टॅग नाहीये.

मग करायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे आणि खूप जुनं आहे. ॲप्लिकेशनला आपण कुठल्या फोल्डरमध्ये राहतो हे एका जागी, फक्त एका जागी, सांगायचं. बाकी सगळ्या कोडने तो पत्ता तिथूनच मागायचा. हाताने स्लॅश लिहायचा नाही.

सीजीआयच्या काळापासून सर्व्हर ॲपला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगत आलाय: स्क्रिप्ट-नेम, म्हणजे 'तू कुठे राहतोस', आणि पाथ-इन्फो, म्हणजे 'तुझ्या घरात पाहुण्याला कुठल्या खोलीत जायचंय'. जावावाल्यांना १९९९ च्या सर्व्हलेट २.२ पासून कॉन्टेक्स्ट पाथ माहीत आहे. एएसपी डॉट नेटमध्ये २००२ पासून ~/ म्हणजे 'माझ्या ॲपचं मूळ'. पायथॉनच्या डब्ल्यूएसजीआयने २००३ साली सीजीआयचीच जोडी उचलली, त्यामुळे जँगोत रिव्हर्स वापरून बनवलेली लिंक आपोआप बरोबर येते. आजच्या गड्यांमध्ये नेक्स्टचा बेसपाथ आहे, व्हीटचा बेस आहे, रिॲक्ट राउटरचा बेसनेम आहे. म्हणजे हत्यार प्रत्येकाच्या खिशात आहे. काढत कुणी नाही, कारण लॅपटॉपवर गरज पडत नाही.

एक तक्रार मात्र नव्या हत्यारांबद्दलही आहे. नेक्स्टचा बेसपाथ बिल्डच्या वेळीच आत पक्का होतो. फोल्डर बदलायचं तर पुन्हा बिल्ड. धामणगावच्या संस्थेकडे बिल्ड करायचं यंत्र नाही, माणूस नाही, सोर्स कोडही नाही. तिच्याकडे कंपनीने दिलेली एक झिप आहे. तेव्हा असली चौकट वापरून काम देणार असाल तर सोर्स आणि बिल्डची कृती हीसुद्धा द्या, किंवा फोल्डरचं नाव सर्व्हर चालू होताना वाचलं जाईल असं लिहा. नाहीतर तुम्ही ग्राहकाला घर विकलंत आणि दाराचा नंबर स्वतःकडे ठेवलात.

लिंका सुधारल्या म्हणून लगेच हात झटकू नका. आणखी चार जागा तपासा.

एक, सीएसएसमधले चित्रांचे पत्ते. ते पानापासून नाही, सीएसएसच्या फाईलपासून मोजले जातात. तिथे सापेक्ष पत्ता बिनधास्त वापरा.

दोन, कुकी. पीएचपीची सेशन कुकी काही न सांगता सोडली तर सगळ्या डोमेनला लागू होते, आणि तिचं नावही ठरलेलं असतं. शेजारी दुसरं पीएचपी ॲप असेल तर दोघांची सेशनं एकमेकांत मिसळतात, इथे लॉगिन केलं की तिथून बाहेर. नाव वेगळं द्या, पाथ /प्रवेश/ द्या. (पाथ दिला म्हणजे सुरक्षित झालं असं मात्र समजू नका. वर सांगितलंच, भिंत नाहीये.)

तीन, ब्राउझरच्या बाहेर जाणारे पत्ते. ईमेलमधली लिंक, पावतीच्या पीडीएफमधली लिंक, नोटीस बोर्डावरचा क्यूआर कोड. इथे सापेक्ष काही चालत नाही, पूर्णच पत्ता लागतो, आणि तोही सेटिंगमधून. कित्येक पावत्यांवर लोकलहोस्ट छापलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जुने पत्ते. व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक परत बोलावता येत नाही. नोटीस बोर्डावरचा कागद कुणी अपडेट करत नाही. टिम बर्नर्स-लीने १९९८ सालीच पत्ते बदलू नयेत म्हणून एक अख्खं टिपण लिहिलं होतं. बदलावाच लागला तर जुन्या दारावर नव्या घराची पाटी लावा, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट. पण फॉर्म जमा होतो त्या पत्त्याला ३०१ लावलंत तर ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि भरलेला फॉर्म वाटेतच सांडतो. तिथे ३०८ लावा. पोराने मोबाईलवर अर्धा तास टंकलेलं असतं हो ते.

आता कुणीतरी म्हणेल, एवढं सगळं एका तालुक्याच्या कॉलेजसाठी? याच प्रश्नाची मला चीड आहे. जे ॲप्लिकेशन रूटवर चालतं आणि फोल्डरमध्ये मोडतं, ते प्रत्यक्षात कुणाकडे चालतं आणि कुणाकडे मोडतं ते बघा. ज्याच्याकडे स्वतःचं डोमेन, स्वतःचा सर्व्हर, डीएनएसचा माणूस आहे, त्याच्याकडे चालतं. ज्याच्याकडे दुसऱ्याच्या सर्व्हरवर एक फोल्डर आहे, त्याच्याकडे मोडतं. ग्रामपंचायत, नगर वाचनालय, सहकारी पतसंस्था, अनुदानित कॉलेज. या सगळ्यांचा कारभार ऑनलाईन न्यायचा म्हणून आपण भाषणं देतो, त्यांच्याकडून पैसे घेतो, आणि त्यांच्या परिस्थितीत एकदाही न तपासलेलं सॉफ्टवेअर त्यांच्या गळ्यात मारतो. मोडलं की दोष त्यांच्या होस्टिंगचा. आणि ऑफिसमधल्या भाऊंना वाटतं आपल्यालाच कॉम्प्युटर जमत नाही. ते बिचारे 'आमच्याच इथं काही चुकून रायलं असन' म्हणून माफी मागतात! चूक कुणाची, आणि माफी कोण मागतंय!

अमरावती शहर स्वतः मुंबई-नागपूर मुख्य लाईनवर नाही हे किती जणांना माहीत आहे? मुख्य लाईन बडनेऱ्याहून जाते, अमरावतीला तिथून फाटा आहे. म्हणून अमरावतीची तिकिटं द्यायची नाहीत असं रेल्वे म्हणत नाही. फाट्यावरचं गावही वेळापत्रकात असतं, आणि तिकीट तिथपर्यंतचं मिळतं. आपल्या धंद्याने एवढं तरी शिकावं.

धामणगावचं काय झालं? कोड शेवटी मागवला, एका सेटिंगमध्ये फोल्डरचं नाव घातलं, लिंका बनवायचं एक फंक्शन लिहिलं, कुकीचा पाथ बदलला, पोस्टसाठी ३०८ लावलं. एका रविवारचं काम. मूळ ॲप बनवतानाच केलं असतं तर तासाभराचं. भाऊंचा फोन आला, "आता जाऊन रायलं बरोबर." त्यांना स्लॅशचं काही सांगितलं नाही. त्यांनी ते का ऐकावं?

तुम्ही मात्र ऐका. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. तुमचं ॲप्लिकेशन /काहीतरी/वेडंवाकडं/ अशा दोन पायऱ्या खोल फोल्डरमध्ये चढवा आणि तुमच्या सगळ्या टेस्ट त्या पत्त्यावर चालवा. नुसतं पहिलं पान उघडून बघू नका. लॉगिन करा, आतल्या पानावर रिफ्रेश मारा, फॉर्म जमा करा, पावती डाउनलोड करा, मेलमधल्या लिंकवर टिचकी मारा. पत्त्याचा शेवटचा स्लॅश काढून पुन्हा एकदा. हे सीआयमध्ये कायमचं बसवायला अर्धा दिवस लागेल. पास झालं तर तुमचं ॲप्लिकेशन कुठेही नांदेल, रूटवरही. नापास झालं तर काय करायचं ते वर लिहिलंय. फक्त ग्राहकाला "आमच्या एंडला चालतंय" असा मेल तेवढा पाठवू नका.